माहिती देणार : सासू

मांजरी, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाग्यश्री,

सवयीने 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि 'सौ.'पाशी पेन थांबलं. तुला ते आता चालेल की नाही, ठाऊक नाही. एकोणतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर काढली. नावाआधी काय लिहायचं ते लोक मला विचारायचे. आज मीच अडले, म्हणून नुसतं प्रिय.

तुझी चिठ्ठी तुझ्या वकीलबाईंच्या पाकिटातून आली. 'आई, १७ मार्चला दुपारी काय झालं ते तुम्ही पाहिलंय. तेवढं खरं लिहून द्या. बाकी काही नको.' आठ महिन्यांनी सुनेचं पत्र यावं आणि त्यात सासूच्या गुडघ्यांची चौकशीसुद्धा नसावी! असो. तुमच्या वाशिमकडे पत्रं अशीच लिहीत असतील.

त्याच आठवड्यात राजसच्या वकिलांनी दुसरा कागद पाठवला. 'माझी सून भाग्यश्री ही पडदे काढत असताना स्टुलावरून तोल जाऊन पडली, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' खाली माझं नाव छापून तयार, सहीपुरती जागा कोरी. कोर्टाची तारीख ७ फेब्रुवारी. मुलाचा कागद आणि सुनेची चिठ्ठी, दोन्ही जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीखाली ठेवलेत. हल्ली केळं घ्यायचं तरी मी जपून घेते.

ॲम्ब्युलन्सवाल्यांचा कागद कोर्टात दाखल झालाय, असं राजस सांगत होता. त्यात आहे, 'स्टुलावरून पडल्याने हाताला दुखापत. माहिती देणार : सासू.' लिहिलेलं आहे म्हणजे झालंच ना, आई, असं तो म्हणाला. आमच्या खात्यातही तसंच मानायचे.

तू मागितलंस ते सोडून बाकी सगळं लिहिते.

इकडे थंडी पडायला लागली. सकाळी बाल्कनीतून समोरचा ऊस दिसत नाही, नुसतं पांढरं. मग आठच्या सुमाराला त्या पांढऱ्यातून आधी तुरे वर येतात आणि त्यांच्या मागून सावकाश शेत. तू तिथे उभी असायचीस, चहाचा कप कठड्यावर ठेवून, खराडीची कॅब येईपर्यंत. कप पडेल म्हणून मी रोज ओरडायचे. एकदाही पडला नाही.

बाल्कनीचा पडदा अजून अर्धाच निघालेला आहे, एका बाजूने लोंबतो. दुपारी त्याच्या कडेने ऊन आत येतं आणि फरशीवर एक तिरका तुकडा पडतो. मी दोनला आडवी होते, त्या तुकड्याकडे बघता बघता डोळा लागतो, आणि मग रोज तेच स्वप्न.

ॲम्ब्युलन्स चाललेली असते. सायरन नाही, इंजिनाचा आवाज नाही. दोन्ही बाजूंनी ऊस, पाती काचांना घासून मागे जातात, आतमध्ये सगळा हिरवट उजेड. तू आडवी आहेस, मी शेजारी बसलेली. डॉक्टरणीला चेहरा नाही, नुसती पांढऱ्या कोटाची बाही आणि पेन. तू काहीतरी बोलायला तोंड उघडतेस आणि मला जाग येते. घड्याळात नेहमी तीनला दहा कमी.

खऱ्या दिवशी ऊस कुठला, हडपसरच्या पुलाखालची गर्दी लागली होती. आणि ड्रायव्हरला रस्ता माहीत नव्हता म्हणे! दिवसातून दहा वेळा दवाखान्यात जाणारा माणूस राजसला म्हणतो, 'साहेब, तुम्ही म्होरं बसा, रस्ता दावा.' काय ही व्यवस्था. म्हणून राजस पुढे बसला आणि मी मागे, तुझ्यापाशी. सबंध रस्ताभर मी तुझा धड हात हातात धरून होते. एवढं तरी तुला आठवत असेल.

तब्येतीला जप.

उल्का
(आई लिहिणार होते.)


४ डिसेंबर २०२४

प्रिय भाग्यश्री,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे, उत्तर देण्यासारखं मी काही लिहिलंच नव्हतं.

पोळ्यांच्या गोदाबाई काल विचारत होत्या, 'आजी, तो पडदा काढून टाकू का? का असाच ठेवायचा, शोभेला?' मी म्हटलं, राहू दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कणीक मळायला लागल्या. ही बाई फार कमी बोलते. तुझ्या हातची पाटवडी त्यांना आवडायची. मला मात्र तिखट लागायची, आणि तसं मी दर वेळी सांगायचे. तू 'करून राहिली' म्हणालीस की मी लगेच 'करते आहे' म्हणायचे. पाच वर्षं टोकलं तुला. हल्ली एकटी असताना मीच कधी कधी मोठ्याने म्हणते, चहा करून राहिली. घरात जरा माणूस असल्यासारखं वाटतं.

राजस सकाळी माझा चहा करून मग ऑफिसला जातो. कप ठेवताना टोपली थोडी सरकवतो, म्हणजे कागदाची कड दिसावी. 'आई, सवडीने,' म्हणतो. आवाज चढवत नाही. तो तसा वाईट नाही गं. हे वाक्य लिहिलं आणि परत वाचलं. मी हे कोणाला सांगते आहे?

त्याच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात माझ्यावर हात उगारला नाही. दिगंबरपंतांचा सगळा राग वर्तमानपत्राला पत्र लिहिण्यात जायचा. तेव्हा घरात हे असंच चालायचं म्हणून मी गप्प बसले, असंही मला म्हणता येत नाही. निमित्तसुद्धा नाही माझ्याकडे.

त्या रविवारी श्रीखंड होतं. तू जेवता जेवता सांगितलंस की ऑफिसकडून तीन महिने बंगळूरला जायचंय. राजस हसला. हसला म्हणून मला वाटलं, चला, बरं झालं. मी वाट्या उचलून आत गेले. तो हसला की काय समजायचं हे तुला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. तू पोळीचा घास तसाच ठेवून बाल्कनीत गेलीस.

स्वप्न आता थोडं बदललंय. ऊस तोच, उजेड तोच, पण गाडीच्या मागच्या बाजूला आपल्या बाल्कनीचं सरकतं दार असतं. ते हळूहळू सरकत असतं, रुळातल्या वाळूचा आवाज करत. कोण सरकवतंय ते दिसत नाही. मी 'थांब' म्हणायला जाते आणि माझ्या तोंडून 'स्टूल' असा शब्द निघतो. उठल्यावर तोंडात श्रीखंडाची आंबट चव असते.

जागेपणी ते दार मी लावत नाही. थंडी आत येते, राजस म्हणतो, आई, दार लाव. मी म्हणते, रुळात कचरा अडकलाय. कचरा नाहीये.

तुझ्या हाताचं प्लास्टर निघून किती महिने झाले? मूठ नीट वळते का?

उल्का


२१ डिसेंबर २०२४

प्रिय भाग्यश्री,

आज जे झालं ते लगेच लिहायला हवं, नाहीतर रात्रीतून मी त्याला वळण लावीन.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आज सकाळी ॲम्ब्युलन्सच्या लोकांचं प्रात्यक्षिक होतं. घास अडकला तर काय करायचं, अर्धांग ओळखायचा कसा, वगैरे. मी तिसऱ्या ओळीत बसले. डॉक्टरीण बोलायला उभी राहिली. तीच. त्या दिवशी आपल्या घरी आलेली. डॉ. ऋचा, असं तिचं नाव. स्वप्नात तिला चेहरा नसतो. खरा चेहरा चांगला गोल आहे, हनुवटीवर तीळ. मला तिने ओळखलं नाही. पन्नास पांढऱ्या डोक्यांत ओळखणार तरी कशी!

शेवटी आमच्या अध्यक्षांना, रंगरावांना, विनोद सुचला. 'काय हो डॉक्टर, घरगुती भांडणातही येता का? आमच्याकडे रोजच लागेल गाडी.' सगळे हसले. ती हसली नाही.

'येतो ना, काका,' ती म्हणाली. 'आणि सगळ्यात जास्त तिथेच चुकतो.'

मग ती जे बोलली ते आठवेल तसं उतरवते. म्हणाली, अशा घरात आम्ही कोणाला जाब विचारत नाही. आम्ही निघून जातो, ती बाई त्याच माणसाबरोबर त्याच घरात राहते. आमच्या शूरपणाची शिक्षा तिला मिळते. काय झालं, कोणी मारलं का, घरी जायची भीती वाटते का, हे फक्त तिला एकटीला विचारायचं, गाडीचं दार बंद झाल्यावर. 'त्यासाठी आमच्या पायलटदादांची, म्हणजे ड्रायव्हरची, एक युक्ती आहे. ते नवऱ्याला म्हणतात, रस्ता माहीत नाही, तुम्ही पुढे बसा. पुण्यातली गल्लीन् गल्ली त्यांना पाठ आहे.'

लोक कौतुकाने हसले. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून ज्या माणसाच्या अडाणीपणाची मी टिंगल करत होते, तो तुझ्यासाठी खोटं बोलला होता.

'तरीही चुकायचो,' ती पुढे म्हणाली. 'नवऱ्याला पुढे बसवलं की काम झालं, असं मला वाटायचं. मागे सासू नाहीतर नणंद बसायचीच. बाईमाणूस आहे, आधार होईल. पेशंटचा हात धरून बसलेली सासू दिसली की मला बरंच वाटायचं. मग मी तिच्यासमोरच विचारायचे. पेशंट "नाही" म्हणायची, आणि मी "नाही" लिहायचे. अशी किती "नाही" लिहिली असतील, देव जाणे. आता मागे कोणालाच घेत नाही.'

पहिल्या ओळीतल्या एक बाई तडकल्या. 'म्हणजे सासवांवर एवढा अविश्वास?'

'अविश्वास नाही, काकू. दवाखाना येईपर्यंतची अकरा मिनिटं मागतोय फक्त. ती काही बोलली नाही तरी चालेल, आम्ही खोदून विचारत नाही. मदतीचा नंबर तोंडीच सांगतो, पर्समध्ये चिठ्ठी सापडली तर पंचाईत. बोलली, तर तिच्याच शब्दांत लिहायचं. आणि ती बोलत असताना शेजारी कोण होतं, तेही लिहायचं. हे आधी लिहीत नव्हतो.'

मी उठून बाहेर आले. बाहेर उन्हात सगळं धूसर झालेलं, झाडं, गेट, माणसं. गेटपाशी ती पांढरी गाडी उभी होती आणि क्षणभर मला कळेना, मी झोपेत आहे की जागी. कोणीतरी माझा दंड धरून मला गाडीच्या मागच्या पायरीवर बसवलं आणि हातात पाण्याची बाटली दिली. तो ड्रायव्हर होता. उत्तरेश्वर नाव त्याचं, खिशावर होतं.

'चौथा मजला,' तो म्हणाला. 'बाल्कनीतनं ऊस दिसतो. बराबर?'

मी मान हलवली.

'हात बरा हाय का ताईचा?'

'माहीत नाही,' मी म्हटलं. नंतर म्हटलं, 'ती आता इथे नसते.'

त्याने टायर पायाने दाबून पाहिला. मग म्हणाला, 'काकू, त्या दिशी ते आडवं पडलेलं स्टूल मीच उचलून बाजूला ठिवलं. स्ट्रेचरला वाट न्हवती. वरच्या फळीवर धुळीचा थर व्हता. त्यावर कुणी उभं ऱ्हायलं असतं तर पाऊल उठलं असतं की.'

आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, 'माझ्या घरात धूळ नसते.'

'व्हय,' तो म्हणाला. 'बाकी घर आरशावानी व्हतं. म्हणून तर ध्यानात ऱ्हायलं.'

त्याने ते डॉक्टरीणबाईंना आठ दिवसांनी सांगितलं. ड्रायव्हरला तोवर कोणी विचारतच नसे. 'आता गाडीत बसल्या बसल्या मॅडम पैल्यांदा मला इचारत्यात, दादा, घरात काय दिसलं? मग लिहून घेत्यात.' पुढे म्हणाला, 'मी तुम्हाला काय बोलत न्हाई, काकू. तुम्ही पानी प्या.'

मी पाणी प्यायले. बोलला असता तर मला सोपं गेलं असतं.

उल्का


९ जानेवारी २०२५

प्रिय भाग्यश्री,

आज स्टुलाचं लिहिते.

ॲम्ब्युलन्सला फोन मीच केला. एवढं एक माझ्या बाजूने धर. राजस म्हणत होता, रिक्षाने नेऊ, आपल्या ओळखीच्या हाडवैद्याकडे. तुझा हात कोपराखाली दोन ठिकाणी वाकलेला दिसत होता आणि तू ओरडत नव्हतीस, हेच मला बघवेना. फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पडली. कशावरून? माझ्या तोंडून आलं, स्टुलावरून. कोणी शिकवलं नव्हतं. राजसनेही नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला होता, पांढरा पडून.

एकदा स्टूल म्हटल्यावर स्टूल हवं. गाडी यायला चौदा मिनिटं लागली. मी कपाटामागून स्टूल काढलं, बाल्कनीच्या दारापाशी नेलं आणि आडवं पाडलं. मग काठीने पडदा ओढला. गुडघ्यांमुळे मला वर चढता येत नाही, तो अर्धाच निघाला. तू सोफ्यावरून हे सगळं बघत होतीस. मी तुला मध्येच विचारलं, 'पाणी हवं का?' तू नको म्हणालीस. मग मी काठी जागेवर ठेवली.

घर आवरावं तसं मी ते केलं, भाग्यश्री. पाहुणे येण्याआधी आवरतात तसं.

एकोणतीस वर्षं माझ्या टेबलासमोर लोक उभे राहायचे. जन्मतारीख दोन महिने मागे घ्या, मृत्यूचं कारण दुसरं लिहा. मी एकालाही दाद दिली नाही. 'माहिती देणाऱ्याने खरी माहिती द्यायची असते,' असं पाठ केल्यासारखं सांगायचे. त्याचा मला अभिमान होता आणि मी तो तुला जेवताना ऐकवायचे.

काल राजसने पहिल्यांदा स्पष्ट विचारलं. सही करणार आहेस ना? मी म्हटलं, बघते. तो म्हणाला, 'मला तुझ्याशिवाय कोण आहे?' खरं आहे ते. मलाही त्याच्याशिवाय कोणी नाही. त्या कागदावर सही केली तर तुझा हात आणखी एकदा मोडल्यासारखं आहे. नाही केली आणि तुला हवं ते लिहून दिलं, तर माझा मुलगा जाईल. मला भीती वाटते. हे लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

ऊस तुटला. समोर नुसती खोडं आणि बगळे. स्वप्नातल्या गाडीला आता दोन्ही बाजूंना काही नाही, ती धुक्यातच चालते आणि पोचत नाही. पुढच्या बाजूच्या छोट्या काचेतून राजसची मान दिसते. खऱ्या दिवशीही दिसत होती. लहानपणी न्हाव्यासमोर बसायचा तशी ताठ धरलेली.

स्टुलाचं मी खोटं बोलले. पण हात मी प्रेमाने धरला होता. तेवढं मला ठेवू दे.

उल्का


२८ जानेवारी २०२५

प्रिय भाग्यश्री,

सोबतचा कागद तुझ्या वकीलबाईंनाही पाठवला आहे. इथे पुन्हा उतरवते, कारण तो मी तुझ्यासाठी लिहिला.

'मी, उल्का दिगंबर पानसे, वय सहासष्ट, राहणार मांजरी, लिहून देते की, रविवार १७ मार्च २०२४ रोजी दुपारी दोन वाजून पाच मिनिटांच्या सुमारास माझी सून भाग्यश्री बाल्कनीत उभी होती. तिचा डावा हात दाराच्या चौकटीवर होता. माझा मुलगा राजस याने तिचा तो हात मनगटापाशी चौकटीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने सरकते दार त्यावर जोराने लावले. एकदा नव्हे, दोनदा. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोन्ही वेळा मी पाहिले. दोन्हींच्या मध्ये त्याला थांबवण्याइतका वेळ होता. मी हाक मारली नाही.

स्टूल आणि पडदा ही माझी रचना होती. भाग्यश्री स्टुलावर चढली नव्हती. ॲम्ब्युलन्सच्या कागदावर माहिती देणार म्हणून माझी नोंद आहे. ती माहिती खोटी होती.

गाडीत डॉक्टरांनी भाग्यश्रीला विचारले, "ताई, हे कोणी केलं का? घरी जायची भीती वाटते का?" त्या वेळी तिचा उजवा हात माझ्या हातात होता.'

इथे मी दोन दिवस थांबले. पुढचं वाक्य कोर्टाला नको असेल, तुझ्या वकीलबाई ठरवतील. पण तू मागितलं होतंस खरं, आणि खऱ्यातलं एवढंच आहे जे तुझ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

'तिने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले तेव्हा मी तो हात जोराने दाबला. तिने माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा दाबला. मग ती डॉक्टरांना "नाही" म्हणाली.'

मी तो धरला नव्हता, भाग्यश्री. दाबला होता. त्याने एक हात दारात दाबला आणि मी दुसरा गाडीत. डॉक्टरणीने बघितलं आणि तिला वाटलं, काय प्रेमाची सासू आहे.

रविवारी मी हा कागद राजसला वाचून दाखवला. त्याच्या पाठीमागे पाठवायचा नव्हता. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा म्हणाला, 'दोनदा नाही.' मी म्हटलं, 'दोनदा.' तो उठला, बाल्कनीच्या दाराशी गेला. मी तिथेच खुर्चीत होते, हात चौकटीवर टेकलेला. त्याने दार लावायला घेतलं, सावकाश, नेहमी लावतो तसं. आणि माझा हात झटकन मागे आला. मी ओढला नाही, तो आपला आलाच. आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो. मग राजस खूप लहानपणी रडायचा तसा रडला, आणि चावी घेऊन निघून गेला. कुठे आहे, फोन उचलत नाही. तो माझा मुलगा आहे आणि मला त्याची काळजी वाटते आहे, आणि तो परत आला तर दाराला आतून कडी असावी असंही वाटतं आहे. दोन्ही खरं आहे. गोदाबाई म्हणाल्या, 'आजी, थोडे दिवस माझ्याकडं चला.' आज जाणार आहे.

७ तारखेला मी कोर्टात येईन. मागच्या बाकावर बसेन. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. शेजारी तर येऊन बसणारच नाही, ते आता मला कळलंय.

दोन दिवस झाले, दुपारी झोपच लागत नाही. आज दोन वाजता आडवी झाले, फरशीवरचा उन्हाचा तुकडा बघत राहिले, आणि उठले. कपाटामागून स्टूल काढलं. दाराला आणि भिंतीला धरून आधी एक पाय, मग दुसरा, गुडघे कुरकुरले, पण चढले. वरून पहिल्यांदाच पाहिलं, तोडलेल्या उसाला खालून हिरवे कोंब आलेत. सगळे हुक काढले आणि पडदा खाली सोडला.

उतरल्यावर मागे वळून बघितलं. धुळीत दोन पावलं होती, बोटांसकट. माझी.

पुसली नाहीत.

उल्का